वटहुकुमाची तारीख

हुगळीच्या डाव्या तीरावर, कलकत्त्याच्या दक्षिणेस, सियालदाहून निघणाऱ्या लोकलचा एक फाटा जेथे संपतो त्या बजबज गावी, किरपाणीसारखे आकाशाकडे टोक केलेले एक स्मारक उभे आहे. गावातली माणसे त्यास ‘पंजाबी मॉन्युमेंट’ म्हणतात. १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. नोकरीच्या निमित्ताने मी या गावी आलो तेव्हापासून त्या स्मारकावरून अगणित वेळा गेलो असेन. परंतु ज्या घटनेची ती खूण आहे तिचा कायद्याच्या कागदाशी, किंबहुना त्या कागदावरील तारखेशी, किती निकटचा संबंध आहे हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आणि ज्या वह्यांतून प्रस्तुत टिपणसंग्रह सिद्ध झाला त्या वह्या मी ठेवू लागलो त्या हे उमगल्यानंतरच. सबब या प्रस्तावनेचा आरंभ त्या घटनेपासून करणे मला प्राप्त आहे.

१९०८ च्या जानेवारीत कॅनडा सरकारने असा हुकूम काढला होता की, जो परदेशस्थ आपल्या देशाहून वाटेत खंड न पडता, निघतानाच काढलेल्या तिकिटावर, थेट कॅनडास येणार नाही त्यास तेथे उतरू देऊ नये. हिंदुस्थानातून कॅनडास थेट जाणारी आगबोट नव्हती. म्हणजे हिंदी मनुष्याचे नाव न घेता हिंदी मनुष्यास दार बंद करणारा हा हुकूम होता. पुढे १९१३ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश कोलंबियाचे मुख्य न्यायाधीश हंटर यांनी, हुकमाची शब्दरचना मूळ कायद्याच्या शब्दरचनेशी जुळत नाही या कारणास्तव तो रद्दबातल ठरविला, आणि ‘पनामा मारू’ नावाच्या बोटीतून आलेल्या हिंदी उतारूंची सुटका झाली. या निकालाने पूर्व आशियातील बंदरांत विखुरलेल्या पंजाबी लोकांच्या आशा पालवल्या, आणि मलायात ठेकेदारी केलेले बाबा गुरदित सिंग यांनी ‘कोमागाता मारू’ ही जपानी आगबोट भाड्याने घेतली. ती हाँगकाँगहून निघाली ४ एप्रिल १९१४ रोजी. परंतु तत्पूर्वीच, ७ जानेवारीस, न्यायाधीशांनी दाखविलेला दोष दुरुस्त करून कॅनडा सरकारने तोच हुकूम नव्याने जारी केला होता. ज्या निकालाने आशा लावली तो निकाल बोट नांगर उचलण्याच्या तीन महिने आधीच निष्प्रभ झाला होता. निकाल गाजतो, दुरुस्ती गाजत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

२३ मे रोजी बोट व्हँकुव्हरला पोहोचली. तिजवर ३७६ उतारू होते. पैकी पूर्वीपासून तेथे रहिवास असलेले अगदी थोडे वगळता कोणासही किनाऱ्यावर पाऊल टाकू दिले गेले नाही. मुन्शी सिंग नावाच्या एका उतारूचा दावा चाचणीदाखल न्यायालयापुढे नेण्यात आला आणि ६ जुलैस तो फेटाळला गेला. बरोबर दोन महिने बंदरात ताटकळून २३ जुलैस बोट परत फिरली. बोट पॅसिफिकमध्ये असतानाच युरोपात महायुद्ध पेटले. आणि ती कोबे बंदर सोडून सिंगापूरच्या वाटेवर असताना, ५ सप्टेंबर १९१४ रोजी, हिंदुस्थान सरकारने देशात प्रवेश करणाऱ्या मनुष्याच्या हालचालींवर निर्बंध घालण्याचा अधिकार आपल्या हाती घेणारा एक वटहुकूम काढला. १८६१ च्या कायद्याने गव्हर्नर जनरलला असा अधिकार दिलेला होता की, निकडीच्या प्रसंगी कौन्सिलास न विचारता त्याने वटहुकूम काढावा व तो सहा महिने चालावा. उतारूंच्या भोवती चहूकडे पाणी होते. त्यांच्या मायभूमीत त्यांच्याचसाठी एक नवे कलम छापले जात होते, आणि ते कलम वाचण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते.

२९ सप्टेंबरला बोट बजबजच्या धक्क्याला लागली. पंजाबला जाणारी खास गाडी स्टेशनात तयार होती. काही थोडे उतारू गाडीत बसले. बाकीच्यांनी बोटीवरचा गुरू ग्रंथसाहेब शिरावर घेऊन कलकत्त्याचा रस्ता धरला, तेव्हा त्यांना अडवून बजबजला परत आणण्यात आले; आणि संध्याकाळच्या सुमारास स्टेशनालगत गोळीबार झाला. सुमारे वीस माणसे जागच्या जागी पडली, शेकड्यांनी कैद झाली. गुरदित सिंग निसटले, ते पुढे सात वर्षे अज्ञातवासात राहून १९२१ साली स्वतः होऊन स्वाधीन झाले. आज त्या स्टेशनाच्या नावात बोटीचे नाव जोडलेले आहे, आणि लोकलमधून उतरणारी माणसे त्या पाटीखालून चालत जातात.

आपल्याच देशाच्या भूमीवर उतरणाऱ्या मनुष्यास तो अपराधी असल्याचे सांगणारा कागद तो समुद्रावर असताना लिहिला जावा, हा अन्याय होता. तो परक्या सत्तेचा होता. तथापि परकी सत्ता गेली म्हणून कागद आणि मनुष्य यांच्यातील अंतर गेले आहे असे मात्र नाही. कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही हे तत्त्व आपण स्वीकारले आहे. ते स्वीकारणाऱ्या राष्ट्राने कायद्याची इत्तला वेळेवर पोहोचविण्याची जबाबदारीही तितक्याच गांभीर्याने पत्करली पाहिजे. आणि जोवर सरकार ती पुरती पार पाडीत नाही, तोवर नागरिकांनी एकमेकांसाठी ती पार पाडली पाहिजे. हा संग्रह त्या समजुतीने केलेला आहे. यात संसदेची, पश्चिम बंगालच्या विधानसभेची आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाची विधेयके व कायदे, मंत्र्यांची व विरोधी पक्षनेत्यांची निवेदने, आणि निवडणुकांचे हुकूम यांची टिपणे आहेत. आणि प्रत्येक टिपणाच्या शिरोभागी तारीख आहे.

बंगालात राहणाऱ्या मराठी मनुष्याने हा उद्योग करावा यात नवल नाही, कारण या उद्योगाचे मराठी घराणे याच कलकत्त्यात नांदून गेलेले आहे. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ पासून एक त्रैमासिक चालविले. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने त्यात सरकारी अहवाल, जमाखर्च, जमीनमहसुलाचे नियम यांची जी कसून छाननी होई तीत शाळाखात्यात हेडमास्तरकी करणारे गणेश व्यंकटेश जोशी यांचा हात फार मोठा होता. सरकारी नोकरीमुळे जोश्यांना नाव देता येत नसे. आकडे मात्र त्यांचे असत. त्यांच्याच मदतीने तयारी करून गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले, आणि शिलकेचा डौल मिरविणाऱ्या सरकारास ती शिलक गरिबांच्या मिठावरील करातून कशी आली हे सरकारच्याच आकड्यांनी दाखविते झाले. पुढल्या वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीडवर, आणि १९०७ साली एका रुपयावर. एका भाषणाने कर उतरला असे मी म्हणणार नाही. पण त्या भाषणामागे वर्षानुवर्षे कागद वाचणारा एक अनामिक मास्तर बसलेला होता, याचे मला मोल वाटते. याच गोखल्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी, याच शहरात, दक्षिण आफ्रिकेतील नाताळला करारबद्ध मजूर पाठविणे बंद करावे असा ठराव मांडला व तो संमत झाला. गार्डन रीचहून मजुरांना घेऊन समुद्राकडे निघणारी गलबते याच पात्रातून, बजबजच्या घाटासमोरून, जात असत. बाउरियाच्या होडीची वाट पाहत घाटावर उभा असताना ही गोष्ट मनातून जात नाही.

सखाराम गणेश देऊस्कर यांचेही स्मरण येथे केले पाहिजे. देवघरच्या परिसरात वाढलेल्या या मराठी गृहस्थांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालीत लिहून, इंग्रजी कागदपत्रांत कोंडून पडलेली देशाच्या दारिद्र्याची माहिती सामान्य बंगाली वाचकाच्या ओसरीवर आणून ठेवली. १९१० साली सरकारने पुस्तक जप्त केले. सरकारी कागदातील मजकूर लोकांच्या भाषेत आणणे हे सरकारास एवढे जाचक वाटावे, यातच त्या कामाचे महत्त्व आले.

तथापि ज्या एका मनुष्याच्या कामाने मला तारखेकडे पाहावयास शिकविले तो स्वातंत्र्योत्तर काळातला आहे. वटहुकूम काढण्याचा अधिकार आपल्या संविधानातही राहिला: राष्ट्रपतींना अनुच्छेद १२३ अन्वये, राज्यपालांना अनुच्छेद २१३ अन्वये. सभागृह भरलेले नसेल आणि प्रसंग निकडीचा असेल तरच वटहुकूम काढावा, सभागृह भरताच तो त्यापुढे ठेवावा, आणि सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो आपोआप संपावा, अशी मर्यादा घातलेली आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या जमीनविषयक प्रश्नांचा अभ्यास करीत असताना बिहारची राजपत्रे चाळली, आणि त्यांच्या ध्यानी असे आले की, एकाच वटहुकुमाची मुदत संपण्याच्या सुमारास तोच मजकूर नव्या तारखेने पुनःपुन्हा जारी होत आहे. त्यांनी चिकाटीने नोंद केली. १९६७ ते १९८१ या काळात बिहारात २५६ वटहुकूम निघाले होते, आणि ते एका वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले होते. उसाच्या खरेदीपुरवठ्यासंबंधीचा एक वटहुकूम १३ वर्षे, ११ महिने आणि १९ दिवस चालू राहिला होता. सभागृह भरल्यावर ज्याचे आयुष्य सहा आठवड्यांचे त्यास एका तपाहून अधिक आयुष्य लाभले, आणि तेवढ्या अवधीत विधानसभेत निवडून आलेल्या माणसांनी त्यावर हात वर केला नाही. १९८३ साली वाधवांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले व सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, अशा रीतीने वटहुकूम पुनःपुन्हा काढणे ही संविधानाशी केलेली प्रतारणा आहे, असा निर्वाळा दिला.

या प्रकरणात मला सर्वांत मोठे वाटते ते हे की, यात लपविलेले असे काहीच नव्हते. प्रत्येक वटहुकूम राजपत्रात छापला गेला होता, प्रत्येकावर तारीख होती, आणि ती राजपत्रे कोणालाही पाहता येत होती. फक्त दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहणारे कोणी नव्हते. ते काम पुण्याच्या एका संशोधकाने पाटण्याच्या राजपत्रावरून केले.

आता या संग्रहाच्या रचनेविषयी. कायद्याचा एकच एक जन्मकाल नसतो. विधेयक मांडले जाते तो दिवस वेगळा, सभागृह ते मंजूर करते तो वेगळा, संमती मिळते तो वेगळा आणि अंमल सुरू होतो तो वेगळा. वर्तमानपत्रातील मथळा बहुधा दुसऱ्या दिवसाचा असतो. मनुष्याच्या आयुष्यात फरक पडतो तो चौथ्या दिवशी. बजबजच्या तागाच्या गिरण्यांतील कामगारांच्या तोंडी ‘मजुरांचा नवा कायदा आला’ हे वाक्य मी कित्येक वर्षे ऐकत होतो. वेतनसंहिता संसदेने २०१९ साली मंजूर केली, बाकीच्या तीन संहिता २०२० साली. एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले गेले. परंतु अंमल सुरू झाला तो २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधल्या पाच वर्षांत कित्येकांनी नव्या कायद्याची भीती बाळगली, कित्येकांनी त्याच्या आशेवर दिवस काढले, आणि दोघांनाही लागू होता तो जुनाच कायदा. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचेही तेच: संसदेची मंजुरी डिसेंबर २०१९ ची, अंमल १० जानेवारी २०२० चा, आणि ज्यांच्याविना अर्जच करता येत नव्हता ते नियम ११ मार्च २०२४ चे. त्या चार वर्षांत या कायद्याविषयी सीमेलगतच्या जिल्ह्यांतून जे बोलले गेले त्यात बोलणाऱ्याने कोणती तारीख मनात धरली आहे हे विचारल्यावाचून त्याच्या म्हणण्याचा अर्थच लागत नसे.

दोन राज्यांची टिपणे समोरासमोर ठेवण्याचे प्रयोजनही यातूनच निघाले. महाराष्ट्रात विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. बंगालात १९६९ पासून विधान परिषद नाही, २९४ सदस्यांची एकच विधानसभा आहे. कार्यपद्धती भिन्न, पण दुःख समान असते. स्त्रियांवरील अत्याचारांस कठोर शिक्षा देणारे ‘शक्ती’ विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी २०२१ च्या डिसेंबरात मंजूर केले. कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवरील अत्याचार व हत्येनंतर बंगालच्या विधानसभेने ३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘अपराजिता’ विधेयक मंजूर केले. दोन्ही ठिकाणी सभागृहात एकमताचे दर्शन घडले, दोन्ही ठिकाणी गावोगावच्या स्त्रियांना वाटले की आता कायदा झाला. आणि विषय केंद्राच्या कायद्यास छेद देणारा असल्यामुळे दोन्ही विधेयके संमतीसाठी राष्ट्रपतींकडे गेली. माझ्या वहीत त्या दोन्ही नोंदींपुढचा अंमलाचा रकाना हे लिहीत असता कोरा आहे. ज्या आयाबायांना सभागृहातील टाळ्या दाखविल्या गेल्या त्यांना हा कोरा रकानाही दाखविणे, हे त्यांच्याविषयीच्या आदराचेच काम आहे असे मी समजतो.

पुढाऱ्यांच्या निवेदनांसंबंधी थोडे सांगून पुढे जातो. सभेतील घोषणा, पत्रकारांपुढील खुलासा आणि सभागृहात दिलेले उत्तर यांस एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. सभागृहात मंत्री बोलतो ते शब्दशः नोंदले जाते. आणि लोकसभेत तर १९५३ पासून सरकारी आश्वासनांची समिती आहे, जी ‘हा प्रश्न विचाराधीन आहे’, ‘मी माहिती घेऊन सभागृहास कळवीन’ अशा वाक्यांनाही आश्वासन मानून तीन महिन्यांच्या आत त्यांची पूर्तता मागते. सभेतल्या शब्दास असा वाली नसतो. एका जाहीर सभेत ऐकलेल्या मुदतवाढीच्या घोषणेवर विसंबून मी स्वतः एका अर्जाची मुदत घालवून बसलो आहे. घोषणा झाली होती, अधिसूचना निघालीच नव्हती. तेव्हापासून या संग्रहात कोणतेही निवेदन ते कोठे, कोणत्या प्रसंगी, कोणत्या दिवशी केले हे लिहिल्यावाचून घेतलेले नाही, आणि त्यानंतर कागद निघाला की नाही हे पाहिल्यावाचून सोडलेले नाही.

निवडणुकीचा भाग सर्वांत मोठा झाला आहे. बजबज विधानसभा मतदारसंघ डायमंड हार्बर लोकसभा मतदारसंघात मोडतो. २०२४ साली महाराष्ट्राचे मतदान २० मे रोजी आटोपले तेव्हा आमचे व्हावयाचे होते. ते १ जूनला, सातव्या व शेवटच्या टप्प्यात झाले. पुण्याचे आप्त आपले मत देऊन मोकळे झाले तरी आमच्या गल्लीत प्रचार चालूच होता, आणि त्या अवधीत कोणत्या पुढाऱ्याने महाराष्ट्रात काय म्हटले व बंगालात काय म्हटले याची तुलना या संग्रहात वाचकास सापडेल. पण मतदानाहूनही मतदार यादीकडे मी अधिक लक्ष दिले आहे, कारण यादी ही निवडणुकीची जमीन आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही.

किंबहुना पाहत नसे असे म्हटले पाहिजे. २०२५ च्या २७ ऑक्टोबरला निवडणूक आयोगाने मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश काढला आणि ४ नोव्हेंबरपासून मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) घरोघर दोन-दोन प्रतींचे अर्ज वाटू लागले. बंगालसाठी आधार धरली होती २००२ ची यादी. तीत स्वतःचे नाव असेल तर ते, नसेल तर आईबापाचे, भाग क्रमांक व अनुक्रमांकासह लिहावयाचे होते. चहाच्या टपरीवर कोणी म्हणे जन्मदाखला नसेल तर नाव जाणार, कोणी म्हणे पासपोर्ट लागणार. आदेशात मात्र स्पष्ट लिहिलेले होते की अर्ज भरण्याच्या टप्प्यावर कोणताही कागद जोडावयाचा नाही. मी तो भाग बंगालीत उतरवून काढला व दारावर लावला.

दोनच दिवसांनी शेजारच्या गल्लीतली एक मुलगी आली. तिचे वडील तागाच्या गिरणीत होते. ते वारले त्यास बरीच वर्षे झाली. २००२ साली ती तीन वर्षांची होती, तेव्हा वडिलांच्या नावावरच सारे अवलंबून. यादीची जी प्रत तिने मिळविली होती तीत वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेले होते, आणि त्या अक्षराखाली तिने पेन्सिलीने इतक्यांदा रेघ ओढली होती की कागद झिरझिरीत झाला होता. “जेठू, बाबा सही करायचे ती अशी नव्हे. मी बरोबर लिहू की यांच्यासारखं चुकीचं लिहू?” असे तिने विचारले. मी आदेशाची प्रत काढली. आम्ही दोघांनी तो भाग दोनदा वाचला. घरपत्ता, आजोबांचे नाव, भाग क्रमांक ताडून पाहिला. यादीत जसे आहे तसेच त्या रकान्यात लिहावे, आणि वर स्वतःच्या तपशिलात वडिलांचे नाव शुद्ध लिहावे, असे ठरले. चुकलेले अक्षर लिहिताना तिचा हात थांबला. मग तिने ते लिहिले. दुसऱ्या प्रतीवर बीएलओची सही घेऊन ती पावती तिने देवाच्या फोटोमागे ठेवली, हे तिच्या आईने मला मागाहून सांगितले.

१६ डिसेंबरला प्रारूप यादी प्रसिद्ध झाली. त्या संध्याकाळी ती पुन्हा आली, भाग क्रमांक तोंडपाठ म्हणत. यादीत तिचे नाव होते, आणि त्यापुढे वडिलांचे नाव, शुद्ध. हरकती व दावे यांची मुदत कोणत्या दिवशी संपते हे तिने मला विचारले नाही, तिला ते ठाऊक होते. तिने माझी वही मागून घेतली, गल्लीतल्या ज्या चार घरांची नावे यादीत आली नव्हती ती एकाखाली एक लिहिली, आणि वर आपल्या हाताने, बंगाली अंकांत, तारीख घातली. ती नोंद या संग्रहात तिच्याच अक्षराच्या छायाचित्रासह शेवटच्या पानावर दिली आहे.

बजबज, जानेवारी २०२६